नॉर्वेची जुनी चांदी: चमचे घ्यावेत, मीनाकामाचे ब्रोच, सॉल्ये की सव्वातेरा लोडची भांडी?

नॉर्वेत जुन्या चांदीला तोटा नाही. शाळेच्या बँडपथकाला निधी मिळावा म्हणून वसंतात आणि शरदात भरणारे लोप्पेमार्केड, म्हणजे जुन्या सामानाचे बाजार, फिन ही घरोघरी वापरली जाणारी जाहिरातींची साइट, ओस्लोचं ब्लोमक्विस्ट हे १८७० पासूनचं लिलावघर. कुठेही बघा, चमच्यांचे गठ्ठे आणि ब्रोचच्या डब्या दिसतातच. नोकरीनिमित्त ओस्लो-स्टॅव्हँगरकडे असलेल्या किंवा फिरायला गेलेल्या मराठी माणसाला मोह होतो, आणि मग प्रश्न पडतो की घ्यायचं काय. कारण ‘नॉर्वेची जुनी चांदी’ या एकाच पाटीखाली चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात: जेवणाचे चमचे-काटे, मीनाकाम केलेले दागिने, पारंपरिक पोशाखावर लावायचे तारकामाचे ब्रोच (सॉल्ये) आणि एकोणिसाव्या शतकातली किंवा त्याहून जुनी भांडी. चारींचा हिशेब वेगळा आहे. पहिली खरेदी चमच्यांची करावी असं माझं मत. पण हौस टिकते ती मीनाकामावर.

आधी ठसा

वस्तू उलटी करून भिंगाखाली धरली की बहुतेक वेळा ८३० हा आकडा आणि त्यापुढे रोमन लिपीतला एस दिसतो. हजारात ८३० भाग चांदी, म्हणजे ८३ टंच. आपल्याकडचा सराफ हे ऐकून नाक मुरडेल आणि मोड घेताना घट धरेल, ते सोडून द्या. हा आकडा मनमानी नाही. जुन्या मोजणीत शुद्ध चांदी सोळा लोडची, आणि नॉर्वेत चालणारी प्रत सव्वातेरा लोडची. सव्वातेराला सोळाने भागा, ०.८२८ येतं. १८९१ च्या कायद्यानंतर लोड मागे पडले, हजारी आकडा आला, प्रत जवळपास तीच राहिली. म्हणून चमच्यावर १३¼ असं कोरलेलं दिसलं तर तो साधारणपणे १८९० च्या दशकाआधीचा समजावा, आणि ८३० असेल तर त्यानंतरचा. ९२५ चा ठसा परदेशी गिऱ्हाइकासाठी बनवलेल्या मालावर जास्त भेटतो. सोबत इंग्रजीत ‘स्टर्लिंग’ आणि ‘नॉर्वे’ असेल तर शंका ठेवायला नको.

इथेच नवखा फसतो. ८३० एस म्हणजे नॉर्वे, असं नव्हे. डेन्मार्कचे कारागीरही हाच ठसा मारत. फक्त डॅनिश वस्तूवर पुष्कळदा तीन मनोऱ्यांची खूण असते. स्वीडनची ओळख तीन मुकुट आणि सालाचं अक्षर. फिनलंडच्या चांदीवर आकड्यापुढे एच आणि शेजारी मुकुट. स्वीडिश चमच्याचं साल कोष्टक पाहून लगेच सांगता येतं, ही त्या देशाची मोठी सोय. नॉर्वेच्या विसाव्या शतकातल्या मालावर ती नाही. इथे भिस्त कारखानदाराच्या ठशावर, म्हणून नाव-खूण ओळखता आली पाहिजे.

साल काढायला दुसरी एक युक्ती आहे, ती मला फार आवडते. राजधानीचं नाव १ जानेवारी १९२५ रोजी ओस्लो झालं. त्याआधी क्रिस्तियानिया. ठशात कारखान्याच्या नावासोबत ओस्लो असेल तर वस्तू १९२५ नंतरची, मग विकणारा तिला ‘आजीच्या आजीची’ म्हणो. ट्रॉनहाइमची गंमत आणखी मोठी: १९३० च्या सुरुवातीला त्या शहराचं नाव निदारोस केलं, लोक भडकले, आणि १९३१ च्या मार्चमध्ये ते परत फिरवावं लागलं. निदारोस असा ठसा सापडला तर काळ जवळजवळ वर्षावर येऊन ठेपतो.

लक्षात ठेवायच्या खुणा सुरुवातीला तीन पुरेत. डेव्हिड-अँडरसन हा क्रिस्तियानियातला १८७६ चा कारखाना. त्याची खूण तराजू, दोन्ही बाजूंना नावाची आद्याक्षरं. मारियुस हामर हा बर्गनचा, १८७१ चा. त्याच्या खुणेत एम अक्षर आणि त्यावरून आडवी गेलेली हातोडी, कारण हामर म्हणजे हातोडीच. तिसरा जे. तोस्त्रुप, १८३२ पासूनचा, बहुधा पूर्ण नाव लिहिणारा. बाकीच्या डझनावारी नावांसाठी ठशांची यादी उघडून बसावं लागतं, आणि तीच या छंदाची निम्मी मजा आहे.

चमचे-काटे: पैसे बुडत नाहीत, उडतही नाहीत

बाजारात सगळ्यात जास्त मिळते ती ही चांदी. नामकरण, दीक्षाविधी, लग्न अशा प्रसंगी चमचे भेट द्यायची तिथे रीत होती, एकेक चमचा जमवत संच पुरा करायचा. त्यामुळे घरं रिकामी होताना हे गठ्ठ्याने बाहेर पडतं. टेलेसॉल्व, वाल्ड्रेस, मार्था, ऑपेरा अशा घाटांची नावं विक्रेत्यांच्या तोंडी असतात. एकच घाट धरून चाललं तर तुटका संच भरता येतो.

फायदा साधा: वजन करा, ०.८३ ने गुणा, त्या दिवसाच्या भावाशी ताडून पाहा. साठ ग्रॅमच्या चमच्यात जवळपास पन्नास ग्रॅम शुद्ध चांदी. मागितलेली किंमत या आकड्याच्या आसपास असेल तर धोका जवळपास नाही. मात्र सुऱ्या या हिशेबात धरू नयेत. त्यांची मूठ पोकळ, आत राळेसारखं काहीतरी भरलेलं, आणि पातं पोलादाचं. तराजूवर भारी, चांदी थोडी. आख्ख्या संचाचं वजन सांगून विकणाऱ्याला ‘सुऱ्या धरून की सोडून?’ एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

दुसरा सापळा मुलाम्याचा. ‘अल्पाका’ म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर, त्यात चांदी नाही. ‘प्लेट’ हा शब्द किंवा नुसता ९०, १०० असा आकडा असेल तर तो वर चढवलेल्या थराचा हिशेब असतो, टंच नव्हे. ‘नॉर्स्क टिन’ म्हणजे कथिलाची मिश्रधातू, दिसायला देखणी पण चांदीशी संबंध नाही. लोहचुंबकाचा इथे उपयोग नाही, कारण जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. चमच्याच्या खोलगट भागाचा तळ आणि काट्याची टोकं बघावीत. मुलामा असेल तर झिजून पिवळट धातू डोकावतो.

कमतरता एकच, पण मोठी: शंभर चमचे घेतले तरी शंभरावा चमचा काही नवं शिकवत नाही.

मीनाकाम: ग्रॅमचा हिशेब इथे संपतो

डेव्हिड-अँडरसनचा पानाच्या आकाराचा एक ब्रोच डोळ्यांसमोर आणा. अंगठ्याएवढा, वजन नगण्य. पुढून गडद निळा, आणि किंचित कलता केला की निळ्याच्या आतून बारीक शिरा चमकून जातात. त्या रंगात नाहीत, खालच्या चांदीत आहेत. आधी पत्र्यावर रेघा कोरतात, मग वर पारदर्शक मीना चढवून भट्टीत भाजतात, आणि उजेड काचेतून जाऊन त्या रेघांवरून परततो. मागे उलटा केला की सोन्याचा मुलामा, तराजू, ९२५, आणि नशीब असेल तर ‘आय एन व्ही’ ही अक्षरं व त्यांपुढे नाव किंवा आद्याक्षरं. आरेखन कोणाचं ते या जागी लिहिलेलं असतं. पानांचे हे प्रसिद्ध ब्रोच विली विनेस याने रेखाटलेले. कारागिराच्या मागचा कल्पक ठशात सापडणं हे जुन्या दागिन्यांत रोज होत नाही.

अशाच फुलपाखरांचे ब्रोच ह्रोआर प्रिड्झ, अक्सेल होल्मसेन, इवार होल्थ अशा अनेकांनी केले. ते तुलनेने स्वस्त आणि कामाला मुळीच वाईट नाहीत. नावासाठी जास्तीचे पैसे मोजायचे नसतील तर मी इकडे वळेन. आधुनिक घाट आवडत असेल तर तोस्त्रुपसाठी काम केलेली ग्रेटे प्रिट्झ किटेलसेन शोधावी. ती जेकब तोस्त्रुपच्याच घराण्यातली. १९५४ साली मिलानला भरलेल्या त्रैवार्षिक आरेखन-प्रदर्शनात तिला सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

याची वरची पायरी म्हणजे प्लीक-आ-जूर. यात मागे पत्राच नसतो. तारांच्या चौकटीत नुसती रंगीत काच, उजेडाकडे धरायची. बोहेमियातून आलेला गुस्ताव गाउडरनाक डेव्हिड-अँडरसनसाठी हे काम करी, आणि हामरने बर्गनमध्ये याचे चमचे पर्यटकांसाठी काढले. हामरच्या या चमच्यांवर ९३० चा आकडा पाहून गोंधळू नका, तो अस्सलच असतो. या चमच्यांनी खायचं नाही की ढवळायचं नाही, ते नुसते बघायचे.

मीनाकामात सगळी किंमत अखंडपणावर. नखभर टवका उडाला की मोल एकदम कोसळतं, कारण दुरुस्ती म्हणजे वस्तू पुन्हा साताठशे अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालणं, आणि तेवढ्या उष्णतेत जुन्या सांध्यांची झाळ सुटू शकते. म्हणून बरेच जण टवक्यावर थंड रंग किंवा राळ भरतात. ओळखायचं कसं? तिरक्या उजेडात धरा. भाजलेल्या मीन्याची झाक सलग असते. भरलेला भाग मेणचट, किंचित बसलेला दिसतो आणि खालच्या रेघा तिथे अचानक विझतात. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून तिरक्या उजेडातला आणि पाठीचा असे दोन फोटो मागावेत. टाळाटाळ झाली तर पुढे जावं.

सॉल्ये: मिरवायला उत्तम

१७ मे हा नॉर्वेचा संविधान दिन, १८१४ च्या राज्यघटनेचा. त्या दिवशी रस्ताभर बुनाड, म्हणजे प्रांतोप्रांतीचे पारंपरिक पोशाख, आणि प्रत्येकाच्या छातीवर सॉल्ये. पीळदार तारेची नक्षी आणि खाली लोंबणाऱ्या इवल्या मुलामा दिलेल्या वाट्या, चालताना लकाकणाऱ्या. या चमकेला बिचकून जमिनीखालची अदृश्य माणसं दूर राहतात, अशी जुनी समजूत. तान्ह्या बाळालाही म्हणून चांदीची पिन लावत, नाहीतर ती माणसं बाळ बदलून नेतात. आपल्याकडच्या काजळाच्या तिटेचंच काम ते.

साठवणुकीच्या दृष्टीने मात्र सॉल्ये अवघड. तोच घाट आजही बनतो, दुकानात नवा मिळतो. मुद्दाम काळसर केलेला नवा ब्रोच ‘जुना’ म्हणून सहज खपतो. ठसा असेल तर तो पाठीच्या छोट्या पट्टीवर किंवा पिनेच्या बुडाशी, अर्धवट उमटलेला. त्यामुळे कामाकडेच पाहावं लागतं. हाताच्या तारकामात पीळ मोजता येतो आणि तारांमधून आरपार उजेड दिसतो. ओतीव नकलेत नक्षीच्या फटी बुजलेल्या असतात आणि पीळ गोलसर होतो. लोंबत्या वाट्या सगळ्या आहेत का, एखादी बदललेली आहे का, तेही बघून घ्यावं. साडीवर लावायला याच्याइतकं देखणं दुसरं नाही, एवढं कबूल. गुंतवणूक म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

सव्वातेरा लोडची भांडी

झाकणाचे मोठे पेले, मूठ दाबायच्या जागी सिंह, आतल्या बाजूला एकाखाली एक खुंट्या, की पेला फिरवताना प्रत्येकाने पुढच्या खुंटीपर्यंतच प्यावं. वस्तू अप्रतिम. पहिल्यांदा घेणाऱ्याने हात लावू नये. शहराचा, कारागिराचा ठसा घासून गेलेला असतो, नंतर जोडलेली झाकणं असतात, आणि झाकणात बसवलेलं नाणं बघून पेल्याचं साल ठरवण्याची हौस सगळ्यांना. नाणं फक्त एवढंच सांगतं की ते त्याच्या सालाआधी बसवलेलं नाही. ‘काँग्सबर्गची चांदी’ हे बिरुदही कानावर येईल. काँग्सबर्गची खाण १६२३ ते १९५८ चालली हे खरं, पण वस्तूतली चांदी कुठल्या खाणीतली हे ८३० चा ठसा सांगत नाही. बर्गनच्या कोडे संग्रहालयात चांदीचं मोठं दालन आहे. पैसे खर्च करण्याआधी तिथे एक दुपार घालवलेली बरी.

मग कोणी काय घ्यावं

घरच्यांना ‘पैसे कुठे घातले’ याचं उत्तर द्यायचं असेल तर चमचे, तेही एका घाटाचे आणि सुऱ्या वगळून. बजेट छोटं पण नजर चोखंदळ असेल तर कमी गाजलेल्या कारखान्याचं फुलपाखरू, अखंड असलेलं. नावाची हौस असेल तर तराजूच्या खुणेचं पान, पाठीवर ‘आय एन व्ही’ असलेलं. लग्नकार्यात वापरायचं असेल तर सॉल्ये, आणि तो नवा घेतला तरी काही बिघडत नाही.

घरी आणल्यावर एक सांभाळा: यातलं काहीही रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासू नका, समईला चालतं ते इथे चालत नाही. मुलामा जातो, मीन्यावर ओरखडे येतात. काळपटपणा घालवायचा द्राव मीनाकामाच्या जवळ आणू नका. मऊ कापड, कोमट पाणी, थेंबभर साबण एवढं बस.

आणि नॉर्वेबाहेर नेण्याआधी वयाची चौकशी करा. फार जुन्या वस्तूंना तिथे निर्यात परवाना लागू शकतो, भारतात उतरल्यावर सीमाशुल्क आहेच. एकदा इकडे आलेली शंभरीपार कलावस्तू पुन्हा परदेशी विकायची ठरवली तर १९७२ चा आपला पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो. त्यामुळे मुलं तिकडे आणि तुम्ही इकडे असाल, तर शतकापेक्षा जुनी वस्तू तिकडेच त्यांच्या कपाटात राहू द्या.