बायकोची स्कूटर बघायला गेलो आणि आर15 घेऊन आलो, आता ट्रॅकवरचा रिव्ह्यू

खरं सांगतो, सेकंडहँड स्कूटर बघायला गेलेलो. डीलरकडं कोपऱ्यात यामाहाची निळी आर15 बाइक धूळ खात उभी, व्ही2 म्हणजे दुसरी आवृत्ती, 2014 चं मॉडेल, त्यानं किल्ली दिली, मी एक चक्कर मारून आलो आणि 55 हजारला विषय संपला. घरी काय झालं ते विचारू नका. तीन आठवडे झाले नाहीत तोवर मित्राचा फोन, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक डे आहे (रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस), एक जागा शिल्लक आहे, येतोस काय. आता कोल्हापूरच्या बाहेरनं जाणारा 48 नंबरचा हायवेच पुढं बेंगळुरू करून चेन्नईला जातो आणि ट्रॅक त्याच हायवेवर, मग नाही कसं म्हणणार. पिकअपमध्ये दोन गाड्या बांधल्या आणि नऊशेक किलोमीटर गेलो.

सकाळी गाडी तपासतात. आरसे काढा, लाइटला टेप मारा, कूलंट काढून साधं पाणी भरा (कूलंट ट्रॅकवर सांडला की मागनं येणारा घसरतो), हे सगळं मी करून ठेवलेलं, लय शहाणपणा. मग तपासणाऱ्यानं मागच्या टायरवर बोट ठेवलं, 1716. म्हणजे 2016 सालचा सतरावा आठवडा! नक्षी एकदम नव्यासारखी होती म्हणून मी खूश होतो, पण रबर नखानं दाबलं तर दगड. पुढचा बरा होता. शेवटी तिथंच एकाकडनं वापरलेला पण मऊ टायर घेऊन बसवला आणि पहिलं सेशन गेलं ते गेलंच.

दुसऱ्या सेशनला चौथ्या लॅपला (ट्रॅकची एक फेरी म्हणजे लॅप) ब्रेकचा लिव्हर पार हँडलला टेकायला लागला. रस्त्यावर हे कधी कळलंच नसतं, कारण रस्त्यावर ब्रेक एवढा तापतच नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुनं झालं की लवकर उकळतं, बुडबुडे होतात आणि लिव्हर स्पंजसारखा होतो. हात वर करून पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायची जागा) आलो, काढून बघितलं तर ऑइल चहाच्या रंगाचं. डीलर म्हणालेला 'फुल सर्व्हिस करून दिलीय', हो, धुतली होती बहुतेक. नवीन डॉट 4 ग्रेडचं ब्रेक ऑइल भरलं आणि दिवसभर परत तक्रार नाही.

आता गाडी. 150 सीसी, 17 पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), ट्रॅक 3.7 किलोमीटरचा, 12 कॉर्नर. स्ट्रेटला मोठ्या गाड्या शेजारनं अशा जातात की आपण बंद पडलोय असं वाटतं. पण मजा कॉर्नरला आहे. 17 पीएसमध्ये एकदा घालवलेला स्पीड परत यायला अख्खा स्ट्रेट जातो, त्यामुळं ब्रेक दाबायची चैन परवडतच नाही, लाइन (वळणातनं जायचा मार्ग) नीट पकडावी लागते, नजर लांब ठेवावी लागते आणि गाडी फक्त 136 किलोची असल्यामुळं आत वळवली की गप वळते. गगनबावड्याच्या घाटात मी स्वतःला काहीतरी समजायचो, इथं कळलं की मी प्रत्येक वळणाला दोनदा ब्रेक मारतो, एकदा गरज म्हणून आणि एकदा भीती म्हणून. तो दुसरा ब्रेक सुटल्यावर 2 मिनिटं 58 सेकंदांचा लॅप संध्याकाळपर्यंत 2:41 वर आला, इंजिन तेच.

खोट एक, व्ही2 ला स्लिपर क्लच (झटक्यात गिअर खाली टाकले तर मागच्या चाकाला बसणारा हिसका कमी करणारा क्लच) नाही, घाईत दोन गिअर खाली टाकले की मागचं चाक उड्या मारतं. व्ही3 ला तो आहे, वर 155 सीसी आणि 19.3 पीएस, पण बजेट तेवढं असेल तर. आणि रायडिंगचा सूट भाड्यानं घेणार असाल तर आधी माप कळवा, मला मिळालेल्यात श्वास आणि जेवण यातलं एकच जमत होतं, मी सांबार-भात निवडला. विम्याचं पण लक्षात ठेवा, नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग, स्पीड टेस्टिंग असलं काही बसत नाही, पडलात तर खर्च तुमचाच.

ट्रॅकसाठी जुनी आर15 घ्यावी काय? घ्या भावा, फक्त गाडीच्या किमतीवर टायर, ब्रेक ऑइल आणि पॅडचे आठ-दहा हजार पहिल्या दिवशीच धरा. मी पुढच्या वेळी पण हीच नेणार आहे. स्कूटर अजून घ्यायची राहिलीय, आणि हेडलाइटवरचा टेपचा चिकटा काही केल्या निघत नाहीये, कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा.