आधी कोणाला वाचावं: स्विफ्टला की पोपला?

अठराव्या शतकातलं इंग्रजी उपरोधिक साहित्य वाचायला घेणाऱ्यापुढे दोन नावं हटकून येतात: जोनाथन स्विफ्ट आणि अलेक्झांडर पोप. दोघं जिवलग मित्र. १७१४च्या सुमारास लंडनच्या 'स्क्रिब्लेरस क्लब' या लेखकांच्या मंडळात एकत्र बसायचे, आणि पुढे पोपने सुमार लेखकांची खिल्ली उडवणारं 'डन्सियाड' हे काव्य स्विफ्टलाच अर्पण केलं. पण लेखनाची जात अगदी वेगळी. माझा कौल स्पष्ट आहे: आधी स्विफ्ट.

पहिलं कारण भाषेचं. स्विफ्टचं गद्य आजही अडखळत नाही. १७२९चं 'अ मॉडेस्ट प्रपोजल' एका बैठकीत संपतं. आयर्लंडमध्ये उपासमार आहे, तेव्हा गरिबांनी आपली वर्षभराची मुलं श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत, असा प्रस्ताव एक सभ्य गृहस्थ मांडतो. तो हिशेबाला पक्का आहे. वजनाने जन्मतः मूल १२ पौंडांचं, वर्षाने २८ पौंडांचं. पोसायचा खर्च दोन शिलिंग, विक्री दहाला, म्हणजे आईला निव्वळ नफा आठ शिलिंग. शेवटी म्हणतो, यात माझा स्वार्थ नाही, माझं धाकटं मूल नऊ वर्षांचं आहे. आकडे वाचताना अंगावर काटा येतो, कारण माणसांना आकड्यांत मोजणारी हीच भाषा तेव्हाचे शहाणे लोक गंभीरपणे वापरत होते.

या संतापामागे आयुष्य आहे. डब्लिनमध्ये १६६७ साली जन्मलेला स्विफ्ट १७१३ पासून तिथल्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचा डीन, म्हणजे मुख्य धर्मगुरू होता. विल्यम वुड नावाच्या इंग्रजाला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडायचा मक्ता मिळाला, तेव्हा १७२४ मध्ये स्विफ्टने कापडविक्याच्या नावाने पत्रं लिहून लोकांना ती नाणी नाकारायला लावली. सरकारने लेखकाचं नाव सांगणाऱ्याला ३०० पौंडांचं इनाम लावलं. तो कोण हे डब्लिनला ठाऊक होतं, पण कोणी नाव घेतलं नाही, आणि मक्ता रद्द झाला. मरताना त्याने आपला पैसा मनोरुग्णांच्या रुग्णालयासाठी ठेवला. त्याला माणूसघाणा म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' (१७२६) मात्र संपूर्ण आवृत्तीत घ्या. लहानपणी वाचलेलं लिलिपुट, म्हणजे बुटक्यांचा देश, ही चार सफरींपैकी एक. खरा स्विफ्ट चौथ्या सफरीत, शहाण्या घोड्यांच्या देशात भेटतो.

पोप (१६८८–१७४४) कवी. कॅथलिक असल्यामुळे विद्यापीठाची दारं बंद, मणक्याच्या क्षयामुळे उंची जेमतेम साडेचार फूट. त्याची सगळी ताकद दोन-दोन ओळींच्या यमकबद्ध जोडीत आहे, आणि ती भाषांतरात हमखास सांडते. इंग्रजी कविता मोठ्याने वाचायची सवय असेल तर खुशाल पोपपासून सुरू करा, पण 'द रेप ऑफ द लॉक'पासून. लॉर्ड पीटर याने अराबेला फर्मर हिची केसांची बट कापली, दोन घराण्यांत वितुष्ट आलं, आणि पोपने त्याचं महाकाव्याच्या थाटात वर्णन केलं. नायिकेच्या शृंगारमेजावर पावडर, टिकल्या, बायबल आणि प्रेमपत्रं एकाच ओळीत मांडलेली आहेत. त्या एका ओळीत अख्ख्या उच्चभ्रू समाजाचं मोजमाप आहे. 'डन्सियाड' नंतरसाठी ठेवा: त्यातले बहुतेक बळी आज विस्मरणात गेलेत, टीपांशिवाय चालत नाही.

नाटकाची आवड असेल तर मात्र या दोघांच्याही आधी त्यांचा मित्र जॉन गे. त्याच्या 'द बेगर्स ऑपेरा'त (१७२८) चोर-दरोडेखोर आणि दरबारी एकाच मापाने मोजले जातात. त्यावरून जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाटक आलं, आणि ब्रेख्तवरून पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा'. तो पाहिलेल्याला गेच्या दुनियेत परकं वाटणार नाही.