नर्स प्रॅक्टिशनर एकदम छान, पण गोळीसाठी दुसरी चक्कर मारावी लागली

अ‍ॅरिझोनाहून टेक्ससला शिफ्ट झालो तेव्हा मुलाच्या एडीएचडीच्या (लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासाच्या) गोळ्या जेमतेम आठ दिवसांच्या उरल्या होत्या, म्हणून घराजवळच्या क्लिनिकमध्ये जी पहिली अपॉइंटमेंट मिळाली ती घेतली, ती निघाली नर्स प्रॅक्टिशनरची (एनपी, म्हणजे जादा शिक्षण घेऊन स्वतः तपासणारी आणि औषध लिहून देणारी नर्स). आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही कारण अ‍ॅरिझोनात दोन वर्षं एनपीच प्रिस्क्रिप्शन द्यायच्या.

बाई खरंच फार चांगल्या. माझ्याशी नंतर बोलल्या, आधी खुर्ची मुलासमोर ओढून त्यालाच विचारलं, शाळेतून आल्यावर चार वाजता कसं वाटतं, जेवावंसं वाटतं का. अर्धा तास दिला. वजन, बीपी सगळं आधीच्या नोंदींशी ताडून बघितलं. आणि मग म्हणाल्या, हे औषध मी नाही लिहू शकत!

मुलाचं औषध, मिथाइलफेनिडेट, शेड्यूल टू मध्ये येतं (सवय लागण्याचा धोका असलेल्या, कडक नियंत्रणातल्या औषधांची यादी) आणि टेक्ससमध्ये एनपी किंवा पीए (फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांसोबत काम करणारे सहायक) ते साध्या क्लिनिकमधून देऊ शकत नाहीत, हॉस्पिटल किंवा हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा) असेल तरच, तेही डॉक्टरांशी केलेल्या लेखी करारानुसार. बाकीची औषधंसुद्धा त्या कराराखालीच. माझ्या खोकल्याचं औषध त्यांनीच दिलं होतं, त्या बाटलीवर त्यांच्या नावासोबत डॉक्टरांचंही नाव छापलेलं. म्हणजे सीमा ओलांडली की त्याच शिक्षणाच्या माणसाचे अधिकार बदलतात, हे मला पटतच नाही. 1965 पासून अमेरिकेत एनपी तयार होतायत, लहान मुलांच्या उपचारांपासूनच तर सुरुवात झाली होती!

राग आहे तो फ्रंट डेस्कवर. फोनवर मी औषधाचं नाव स्पेलिंगसकट सांगितलं होतं, तेव्हाच "यासाठी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या" म्हणाले असते तर दुसरा कोपे (इन्शुरन्स असूनही दर भेटीला आपण भरायचे पैसे) आणि माझी अर्धी सुट्टी वाचली असती. डॉक्टर पाच दिवसांनी मिळाले, बाईंनी नोट इतकी नीट लिहून ठेवलेली की त्यांनी दहा मिनिटांत प्रिस्क्रिप्शन पाठवलं. तीन गोळ्या शिल्लक होत्या तेव्हा.

शेड्यूल टू ला रिफिल नसतं, दर वेळी नवीन प्रिस्क्रिप्शन लागतं, त्यामुळे नवीन येणाऱ्यांनी बुकिंग करतानाच विचारा की हे औषध कोण लिहिणार. बाईंना पाच स्टार, फ्रंट डेस्कला दोन. मुलाचा फॉलोअप आम्ही बाईंकडेच ठेवलाय, गोळीची सही तेवढी डॉक्टरांची.