बोराकायमधील पाच रात्री: समोरचा समुद्र आणि मागचे चेंबर

फिलिपिन्समधील बोराकाय बेटावर आम्ही उभयता फेब्रुवारीत पाच रात्री राहिलो. ज्या हॉटेलात उतरलो त्याचे नाव मुद्दाम देत नाही. तीन मजल्यांचे, मध्यम दराचे आणि बेटाच्या अगदी कमरेवर, म्हणजे पश्चिमेचा व्हाइट बीच आणि पूर्वेचा बुलाबोग किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ते आहे, एवढे पुरे. माझी नोकरी तीस वर्षे सांडपाण्याच्या वाहिन्या आणि प्रक्रिया केंद्रे यांच्यात गेली. त्यामुळे कुठेही गेलो की गच्चीवरून दिसणाऱ्या देखाव्याआधी मागच्या गल्लीतील चेंबरच्या झाकणाकडे माझे लक्ष जाते. पत्नीला या सवयीचा मनस्वी कंटाळा आहे, आणि पुढचा मजकूर वाचून काही वाचकांनाही तो येईल.

नेहमीच्या गोष्टी आधी उरकतो. समोरच्या पनाय बेटावरील कातिक्लानच्या धक्क्यावर बंदर-शुल्क आणि पर्यावरण-शुल्क भरावे लागते, हॉटेलचे आरक्षण दाखवावे लागते, आणि मग दहा-पंधरा मिनिटांत बोट पलीकडे पोहोचवते. बेटावर विजेवर चालणाऱ्या तीनचाकी आहेत, त्यामुळे मुख्य रस्त्यावर गर्दी असूनही धुराचा त्रास फारसा झाला नाही. खोली स्वच्छ होती, चादरी रोज बदलत होत्या, नाश्ता ठीक होता, कर्मचारी मनापासून हसतमुख होते. या सर्व बाबतींत माझी तक्रार नाही.

व्हाइट बीचविषयी जे ऐकले होते ते खरे आहे. सुमारे चार किलोमीटरची ही वाळू प्रवाळांच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची असल्यामुळे भर दुपारीही पायाला चटका बसत नाही. फेब्रुवारीत ईशान्येकडून येणारे अमिहान वारे बेटाच्या पाठीवर अडतात आणि पश्चिमेचा समुद्र एखाद्या तळ्यासारखा निवांत राहतो. वाळूवर खुर्च्या, छत्र्या, टेबले नाहीत; धूम्रपान आणि मद्यपान यांना मनाई आहे. भरतीच्या रेषेपासून २५ मीटर आणि त्यापुढे आणखी ५ मीटर जागा मोकळी सोडण्याचा नियम पूर्वी कागदावरच होता, तो २०१८ मध्ये बेट सहा महिने बंद ठेवल्यानंतर बऱ्याच अंशी जमिनीवर उतरलेला दिसतो. जुन्या छायाचित्रांत जिथे हॉटेलांचे ओटे थेट पाण्यात उतरलेले दिसतात, तिथे आता माणसे चालतात. ही सुधारणा मोठी आहे आणि ती मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मात्र पाण्याच्या कडेला, पोपटी रंगाच्या ओल्या लोकरीसारखा शेवाळाचा एक पट्टा होता. तिथे त्याला ‘लुमोत’ म्हणतात. पाय टाकला की बोटांत गुंतते, आणि सकाळी कामगार ते दाताळ्यांनी ओढून गोळा करतात. आमच्या शिडाच्या होडीच्या नावाड्याने अगदी सहजपणे सांगितले की हे दरवर्षी येते आणि यामुळेच तर वाळू पांढरी राहते. शेवाळ हंगामी असते, उथळ आणि उबदार पाण्यात ते वाढतेच, हे त्याचे म्हणणे चुकीचे नाही. पण ते किती वाढावे हे पाण्यात उतरणाऱ्या नत्र आणि स्फुरद यांवर ठरते, आणि चार किलोमीटर किनाऱ्याला पोपटी काठ लावण्याइतके खत एवढ्याशा बेटावर केवळ निसर्गाकडून येत नाही.

थोडा इतिहास येथे आवश्यक आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो डुटर्टे यांनी बोराकायला उघडपणे मैल्याचे डबके म्हटले आणि २६ एप्रिल ते २६ ऑक्टोबर असे सहा महिने हे बेट पर्यटकांना पूर्णपणे बंद ठेवण्यात आले. त्यासाठी काढलेल्या ४७५ क्रमांकाच्या घोषणापत्रातील आकडे एखाद्या रुग्णाच्या तपासणी अहवालासारखे आहेत. बुलाबोग किनाऱ्याच्या पाण्यात मैल्यातील कोलिफॉर्म जिवाणूंचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे सरासरी १८,००० आढळले. मर्यादा १०० ची होती. किनाऱ्यालगतच्या ५१ आस्थापनांपैकी केवळ १४ जल-स्वच्छता कायद्याचे पालन करत होत्या. दिवसाला ९० ते ११५ टन कचरा निर्माण होत होता आणि बेटाबाहेर नेण्याची क्षमता ३० टनांची होती. नऊ पाणथळ जागांपैकी चारच उरल्या होत्या, आणि १९८८ ते २०११ या काळात प्रवाळांचे आच्छादन सुमारे ७०.५ टक्क्यांनी घटले होते. ज्या प्रवाळांच्या चुऱ्याची ही वाळू, त्यांचीच ही अवस्था होती. बंदीमुळे हजारो कामगारांचा रोजगार गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये न्यायालयाने बंदी वैध ठरवली.

हे सारे घडले कसे, ते समजण्यासाठी जमीन पाहावी लागते. बोराकायचा खडक मुख्यतः प्रवाळी चुनखडीचा आहे. सेप्टिक टँक घन मैला धरून ठेवतो, पण त्यातून निघणारे पाणी शोषखड्ड्यात सोडले की मातीच्या जाड थरातून ते हळूहळू गाळले जाईल, ही अपेक्षा अशा सच्छिद्र खडकात फोल ठरते. फटींमधून ते पाणी लवकरच भूजलात आणि तिथून समुद्रात पोहोचते. दुसरे कारण माणसांचे आहे. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी घातलेल्या गटारांमध्ये अनेकांनी गुपचूप आपल्या संडास-मोऱ्यांचे पाईप जोडले होते आणि त्या गटारांचे तोंड बुलाबोगच्या समुद्रात उघडत होते. पश्चिमेच्या देखण्या किनाऱ्यावर पाहुणे उतरायचे आणि त्यांचे मैलापाणी पूर्वेच्या किनाऱ्यावर निघायचे. चिंचोळ्या कमरेच्या बेटावर ही सोय फारच स्वस्तात होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी हॉटेलच्या मागच्या गल्लीतून बुलाबोगकडे निघालो. सकाळी सात ते नऊ ही सांडपाण्याची ऐन घाईची वेळ असते, कारण सगळे पाहुणे एकाच सुमारास आंघोळ करतात. वाहिनीची खरी परीक्षा तेव्हाच होते. गल्लीच्या वळणावर एका चेंबरच्या झाकणाच्या कडेने पाणी बुडबुडत होते, त्यावर साबणाचा राखाडी फेस होता आणि झाकणाच्या खाचेत ओला टिश्यू पेपर अडकला होता. शेजारच्या दुकानातील मुलाने आत जाऊन घमेलेभर वाळू आणली, झाकणाभोवती पसरली आणि पुन्हा केर काढू लागला. त्याच्या हालचालीत कसलीही घाई किंवा आश्चर्य नव्हते. साडेनऊला परत आलो तेव्हा पाणी ओसरले होते आणि त्या वाळूवरून पर्यटक काइट-सर्फिंगच्या फळ्या घेऊन चालले होते. बुलाबोगचे पाणी मला वरून स्वच्छ दिसले; परंतु रंग आणि वास यांवरून कोलिफॉर्म मोजता येत नाहीत, म्हणून त्याविषयी मी अधिक बोलत नाही.

त्या दिवशी मी स्वागतकक्षात विचारले की आपले सांडपाणी कुठे जाते. हा प्रश्न बहुधा त्यांना प्रथमच विचारला गेला असावा. बरीच कुजबुज झाल्यावर व्यवस्थापक स्वतः आले आणि, त्यांचे कौतुक म्हणजे, टाळाटाळ न करता मला मागे घेऊन गेले. पन्नास किंवा त्याहून अधिक खोल्यांच्या हॉटेलांनी स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र बसवावे, असा नियम २०१८ नंतर लागू झाला आणि त्यानुसार येथेही केंद्र आहे. स्वयंपाकघर आणि धोबीखाना यांच्यामध्ये, जमिनीखालच्या टाक्यांवर लोखंडी झाकणे आणि बाजूला ब्लोअर, अशी त्याची आटोपशीर रचना होती. ब्लोअर बंद होता.

सामान्य वाचकासाठी सांगतो. अशा केंद्रात मैला खाण्याचे काम जिवाणू करतात आणि त्यांना श्वासासाठी हवा लागते. ब्लोअर ती हवा तळातून बुडबुड्यांच्या रूपाने सोडतो. टाकी निरोगी असेल तर पाणी चहासारखे तपकिरी दिसते आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. या टाकीचे झाकण उचलले तेव्हा पाणी काळे होते आणि सडक्या अंड्यांचा भपका आला. हवा कित्येक तास मिळाली नसल्याची ही खूण आहे. पुढच्या टाकीत मात्र क्लोरिन भरपूर होते, इतके की डोळे चुरचुरले. क्लोरिनमुळे जिवाणूंची संख्या खाली येते आणि तपासणीचा आकडा नीट दिसू शकतो. पण नत्र आणि स्फुरद क्लोरिनने जात नाहीत, ते जसेच्या तसे पुढे गटारात जातात. किनाऱ्यावरचा पोपटी पट्टा मला त्या वेळी आठवला.

ब्लोअर बंद का, असे विचारल्यावर वीजबिलाचे कारण ऐकण्याची मी तयारी ठेवली होती. व्यवस्थापकांनी खिशातून मोबाईल काढला आणि आरक्षणाच्या संकेतस्थळावरील त्यांच्या हॉटेलची परीक्षणे दाखवली. मागच्या बाजूच्या खोल्यांत सतत घरघर ऐकू येते, दुपारी झोप लागत नाही, रात्री यंत्राचा आवाज येतो, अशा तक्रारी एकाखाली एक होत्या आणि प्रत्येकीने दोन-दोन तारे कापले होते. म्हणून ब्लोअर दुपारी दोन ते सहा आणि रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवला जातो. वाईट पाण्याबद्दल तारा कापलेले एकही परीक्षण त्यांच्याकडे नव्हते. मला या उत्तराचा राग यायला हवा होता, पण खरे सांगायचे तर मी ओशाळलो, कारण अशी परीक्षणे मीही लिहिली आहेत.

शिवाय, केंद्राची क्षमता ज्या खोल्यांच्या हिशेबाने ठरवली त्या खोल्या तेवढ्याच असल्या, तरी पूर्वी दोघांसाठी असलेल्या अनेक खोल्यांत आता एकावर एक पलंग टाकून चौघांची सोय केलेली आहे. इमारतीची उंची वाढली नाही, बांधकामाच्या नोंदीत काही बदलले नाही, मैलापाणी मात्र जवळपास दुप्पट झाले.

संपूर्ण बेटाच्या बाबतीत हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर दिसतो. बेटाला किती पर्यटक पेलतील याच्या २०१८ च्या अभ्यासानंतर एका वेळी १९,२१५ पर्यटक आणि दिवसाला ६,४०५ आगमने अशी मर्यादा ठरली. ६,४०५ ला ३६५ ने गुणले तर वर्षाला २३ लाखांहून अधिक पर्यटक होतात. ज्या वर्षाच्या परिस्थितीमुळे बेट बंद करावे लागले त्या २०१७ मध्ये सुमारे २० लाख आले होते. म्हणजे मर्यादा रोज काटेकोर पाळली तरी वर्षाची बेरीज जुन्या बेरजेच्या पुढे जाऊ शकते. आणि ती रोज पाळलीही जात नाही, २०२२ च्या होली वीकमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या सुट्ट्यांच्या आठवड्यात, ती ओलांडली गेल्याचे सर्वांना ठाऊक आहे. दैनिक मर्यादेचा उपयोग गर्दीचे शिखर कापण्यापुरता आहे. जेमतेम दहा चौरस किलोमीटरचे बेट, त्यातील पाणथळ जागा बुजवून उभ्या राहिलेल्या इमारती, आणि पाऊस आला की साचायला जागा न उरल्याने रस्त्यावर चढणारे पाणी, हे त्या आकड्याने बदलत नाही. हबागात वाऱ्यांच्या पावसाळ्यात सांडपाण्याच्या वाहिनीत पावसाचे पाणी शिरले की त्या वळणावरच्या चेंबरचे काय होत असेल, याची कल्पना मी करू शकतो.

जायचे की नाही, असे कोणी विचारले तर माझे उत्तर जावे असे आहे, पण होली वीक आणि नाताळ टाळून, आणि पोहायचे असेल तर व्हाइट बीचच्या बाजूला. जोराचा पाऊस झाल्यावर एक-दोन दिवस समुद्रात उतरू नये. हे कोणत्याही दाट वस्तीच्या किनाऱ्याला लागू आहे. उत्तरेचा पुका किनारा आम्हाला अधिक आवडला, कारण तिथे मागे इमारतींची भिंत नाही. हॉटेल निवडताना मात्र न्याहारी आणि जलतरण तलाव यांच्याबरोबर दोन प्रश्न आरक्षणापूर्वीच लेखी विचारावेत: सांडपाण्याचे स्वतःचे केंद्र आहे की सार्वजनिक वाहिनीची जोडणी, आणि ब्लोअर दिवसातून किती तास चालतो. उत्तर आले नाही तरी प्रश्न आल्याची नोंद त्यांच्याकडे राहते.

माझे गुण असे: किनाऱ्याला पाचपैकी चार, बेटाच्या व्यवस्थेला अडीच. हॉटेलला मी दोन देणार होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी व्यवस्थापकांनी मला पुन्हा गाठले आणि आवाज कमी करण्याचा काही उपाय आहे का, असे विचारले. ब्लोअरच्या पायाखाली रबराचे पॅड, हवा ओढण्याच्या तोंडाला सायलेन्सर आणि भोवती हवा खेळती राहील अशी आवाजरोधक पेटी, हे तिन्ही मी त्यांना कागदावर काढून दिले. खर्च एका खोलीच्या काही आठवड्यांच्या भाड्याइतका येईल. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि हसत म्हणाले की तोपर्यंत पाहुण्यांना आपणच काहीतरी सांगा. म्हणून मागच्या बाजूच्या खोल्या घेणाऱ्यांसाठी नोंद करतो की तिथे दुपारी घरघर ऐकू येते. आम्ही होतो त्या शेवटच्या दुपारी, तीन वाजता, ती ऐकू येत होती, आणि त्यासाठी मी हॉटेलला तीन तारे दिले आहेत.