दादरचा कर्नल मेमरीचा वर्ग: प्रात्यक्षिके चोख, टिपणे शिळी

दादर पश्चिमेच्या एका प्रशिक्षण संस्थेत लिनक्स ड्रायव्हरचा शनिवार-रविवारचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. साध्या प्रोग्रॅममधून कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, मेमरी वाचता येते का, हा प्रश्न कामात अडला होता आणि तेवढ्यासाठी दोन्ही दिवस सकाळी डोंबिवलीहून लोकल पकडली.

सरांनी उत्तर न सांगता करून दाखवले. ‘प्रॉक’ या फोल्डरमधील ‘कॅलसिम्स’ ही, कर्नलमधली नावे आणि त्यांचे मेमरीतले पत्ते दाखवणारी, फाइल साध्या युझरने उघडली तेव्हा प्रत्येक नावाआधी नुसती शून्ये दिसली. ‘सुडो’ (रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला युझर, म्हणून चालवणारी आज्ञा) लावताच त्याच जागी खरे पत्ते आले. त्यांतला एक पत्ता सी प्रोग्रॅममधल्या पॉइंटरमध्ये (मेमरीचा पत्ता धरणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) घालून वाचायला गेलो, तर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, म्हणजे मनाईच्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्रॅम बंद. आणि रूट होऊन चालवला तरी तेच! तुम्ही कोण आहात हे प्रोसेसर विचारत नाही, तो युझर मोडमध्ये (साधे प्रोग्रॅम चालवताना) असेल तर पेज टेबलमधला, म्हणजे मेमरीच्या पानांच्या तक्त्यातला, एक बिट त्याला कर्नलच्या पानापाशी अडवतो, हे इतक्या वर्षांत मला इतके स्वच्छ कधी उमगले नव्हते.

मग सरळ वाट. ड्रायव्हरने, म्हणजे कर्नलमध्ये चालणाऱ्या आपल्या कोडने, ४०९६ बाइटचे एक पान राखून ठेवायचे आणि प्रोग्रॅमने ‘एममॅप’ करून तेवढेच पान आपल्या पत्त्यांत जोडून घ्यायचे. माझ्या प्रोग्रॅमने तिथे लिहिलेले नाव ड्रायव्हरने वाचून ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, छापले, मध्ये कुठेही कॉपी झाली नाही. मात्र चार-दोन बाइटसाठी हा खटाटोप न करता ‘कॉपी टू युझर’ हे कर्नलमधून प्रोग्रॅमकडे बाइट कॉपी करणारे फंक्शनच वापरावे, हा सरांचा आग्रह मला पटला.

तक्रार आहे ती छापील टिपणांबद्दल. त्यांतला एक संपूर्ण सराव ‘डेव्ह’ फोल्डरमधल्या ‘केमेम’ या, कर्नलची मेमरी थेट दाखवणाऱ्या, फाइलवर बेतलेला आहे, आणि ती सोय तर २०२१ मध्ये लिनक्स ५.१३ मधून काढून टाकली गेली. नसलेली फाइल शोधण्यात आमचा अर्धा तास गेला आणि साहाय्यक आमच्याच लॅपटॉपना दोष देत राहिले. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटीने पेज टेबलची हीच तटबंदी कॅशमार्गे (प्रोसेसरच्या छोट्या जलद मेमरीच्या वाटेने) कशी चुकवली, हे सांगायला मग जेमतेम दहा मिनिटे उरली.

सी भाषेतले पॉइंटर पक्के असतील तरच वर्गात नाव घालावे, आणि सराव व्हर्च्युअल मशीनवरच (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरवरच) करावा. रविवारी माझी तीन वेळा बंद पडली.