जेंटूची तयार पॅकेजं: कंपाइलला सुट्टी, पण अर्धीच

जेंटू या लिनक्सवर सॉफ्टवेअर एरवी सोर्स कोडवरून आपल्याच मशीनवर बांधावं (कंपाइल करावं) लागतं. डिसेंबर २०२३पासून मात्र एएमडी६४ आणि आर्म६४ प्रोसेसरसाठी अधिकृत बायनरी, म्हणजे आधीच बांधलेली, पॅकेजं मिळतात. मेक.कॉन्फ या सेटिंग फाइलच्या फीचर्समध्ये 'गेटबिनपीकेजी' लिहिलं की इमर्ज हे पॅकेज बसवणारं साधन आधी तयार पॅकेज शोधतं. लिबरऑफिससारखं धूड, जे एरवी लॅपटॉपचा पंखा तासन्‌तास गरगरवतं, डाउनलोड झालं की लगेच बसतं.

मेख आहे यूज फ्लॅगमध्ये, म्हणजे पॅकेजमधल्या सोयी चालू-बंद करणाऱ्या सेटिंगमध्ये. एक जरी फ्लॅग जुळला नाही तरी तयार पॅकेज बाजूला पडतं आणि सोर्सवरून बांधणी सुरू होते. म्हणून आधी 'इमर्ज -पीव्ही' चालवून ओळीच्या सुरुवातीला 'बायनरी' आहे की 'ईबिल्ड', ते बघाच. प्रोफाइलचे (सिस्टीमच्या पायाभूत सेटिंग-संचाचे) मूळ फ्लॅग जितके कमी छेडाल तितका फायदा. सीफ्लॅग्ज (कंपायलरला दिलेले पर्याय) वेगळे असले तरी अडत नाही.

सोर्सवरून बांधायचंच असेल तर एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक जॉबमागे २ जीबी रॅम धरा. ८ जीबीच्या मशीनवर मेक.कॉन्फमधल्या मेकऑप्ट्समध्ये '-जे८' (एका वेळी आठ जॉब) ठेवलं, की सी++चं मोठं पॅकेज मधेच कोसळतं: 'किल्ड... सीसी१प्लस' (सी++चा कंपायलर). लोक कंपायलरला शिव्या घालतात, संपलेली असते मेमरी! '-जे४' करा.

फ्लॅगशी खेळणं हाच छंद असेल, तर ही सोय तुमच्या फारशी कामाची नाही.