बी.ई., बीसीए की आयआयटी मद्रासची ऑनलाइन पदवी?

भाचीची बारावी झाली आणि घरात वाद सुरू झाला: कम्प्युटर की एआय-डीएस (एआय आणि डेटा सायन्स)? माझं म्हणणं, ब्रँचच्या नावावर डोकं खपवू नका. परीक्षा कशी घेतात ते बघा.

मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. एका मुलाने नाटकाच्या तिकीट बुकिंगचं ॲप दाखवलं, देखणं होतं. विचारलं, ‘एफ-१२ ही खुर्ची दोघांनी एकदमच बुक केली तर?’ म्हणाला, ‘सर, तसं होणार नाही.’ दोन ब्राउझर उघडले, एकदम क्लिक केलं. खुर्ची दोघांनाही मिळाली. डेटाबेसमध्ये प्रयोग आणि खुर्ची मिळून ‘युनिक’ची, म्हणजे तीच जोडी पुन्हा न घेण्याची, अट टाकली असती तर दुसरी नोंद तिथेच अडली असती. एका ओळीचं काम. कोड एआयने लिहिला होता, त्याचं मला काही नाही. आम्हीही तसाच लिहून घेतो. पण तो कोड कुठे फुटेल हे त्या मुलाला दिसत नव्हतं.

ती नजर कुठे तयार होते?

बी.ई.मध्ये होऊ शकते. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस (डेटाबेसचा विषय), नेटवर्क्स हे सगळं नीट शिकवलं तर एआयचा कोड तपासायला तेच लागतं. पण बऱ्याच कॉलेजांत प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल: राइट-अप उतरवा, आउटपुटची प्रिंट चिकटवा, सबमिशनच्या आठवड्यात सह्यांसाठी पळा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तर विकतही मिळतो. मुलगी असेल तर एक हिशोब जरूर करा: २०२४ पासून कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे.

बीसीए तीन वर्षांचं. २०२४ पासून त्यालाही सीईटी आहे. अभ्यासक्रम हलका, हाताशी वेळ जास्त. तो वेळ कट्ट्यावर गेला तर मात्र काही उरत नाही. शिवाय काही कंपन्या बी.ई.शिवाय अर्जच घेत नाहीत.

आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची पदवी २०२० साली सुरू झाली. जेईई लागत नाही. चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची. व्हिडिओ घरी बघायचे, मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन. मला आवडतो तो पदवीतला मधला, डिप्लोमाचा टप्पा. ॲप बांधायचे दोन विषय आहेत, आधी फ्लास्कमध्ये, मग व्ह्यू (Vue) वापरून; दोन्ही वेब ॲप बांधायची साधनं. दोन्हींचे वेगळे प्रोजेक्ट, आणि तोंडी परीक्षेत आपलाच कोड समजावून सांगावा लागतो. ‘टूल्स इन डेटा सायन्स’मध्ये तर एआयची मदत उघडपणे घेऊ देतात. अडचण एकच, पण मोठी: मानगुटीवर बसायला कोणी नाही. रोज स्वतःहून बसणारा मुलगा नसेल तर गाडी गणिताच्या पहिल्या विषयातच अडकते. आणि हे बी.टेक. नव्हे, हे नातेवाइकांना दर दिवाळीला सांगावं लागेल.

२०२२ पासून यूजीसी एकाच वेळी दोन पदव्या करू देते, एक कॉलेजात आणि एक ऑनलाइन. म्हणून माझा कौल असा: कॅपमध्ये चांगलं कॉलेज मिळालं तर बी.ई. मॅनेजमेंट कोट्यात लाखो ओतायची वेळ आली, तर त्याऐवजी बीसीए आणि जोडीला मद्रास. दोन्हींच्या परीक्षा अंगावर येतील, तेवढी तयारी ठेवा.

भाचीला म्हटलं, कॉलेज बघायला जाशील तेव्हा प्राचार्यांना नको, कँटीनमध्ये एखाद्या सेकंड इयरवाल्याला विचार: ओरलला परीक्षक कोड बदलायला सांगतात का? एका ठिकाणी उत्तर मिळालं, ‘जर्नल कम्प्लीट ठेव, बाकी काही विचारत नाहीत.’